सह्याद्रीची भटकंती: तासांचा आणि दिवसांचा हिशेब

पावसाची पहिली झड बसली की मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या गाड्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांकडे वळू लागतात. चिपळूणजवळचा सवतसडा आणि मार्लेश्वरचा धारेश्वर धबधबा पावसाळ्यात गजबजतात. पाऊस ओसरला की खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या त्रिकूटाची पायपीट सुरू होते. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून शिडीच्या वाटेने प्रचितगड चढणारेही कमी नसतात. पूर्वी हा मोजक्या गिर्यारोहकांचा छंद होता. आता कार्यालयातले सहकारी, महाविद्यालयीन मुले आणि पन्नाशी ओलांडलेली जोडपीही या वाटांवर दिसतात. डोंगर चढणे हा हृदयाला, स्नायूंना आणि मनालाही उत्तम व्यायाम आहे, त्यामुळे हे चित्र आनंदाचेच आहे.

या सहलींचे नियोजन बारकाईने होते. गाडी कोणाची, मुक्काम कुठे, जेवण कोणाकडे, बूट कोणते, सगळे ठरते. आरोग्याचा विषय मात्र बहुधा दोन वेदनाशामक गोळ्या आणि एका पट्टीवर संपतो. वास्तविक निघण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहायला हवीत. वाटेवरच्या सर्वांत अवघड जागी काही झाले, तर उपचारापर्यंत पोहोचायला किती तास लागतील? आणि घरी परतल्यावर किती दिवस सावध राहायचे आहे?

इथला धोका उंचीचा नाही

डोंगर म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर हिमालय येतो आणि विरळ हवेची काळजी वाटते. उंचीमुळे होणारा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे सह्याद्रीत प्राणवायू कमी पडून कोणी आजारी पडत नाही. इथले धोके उष्ण, दमट आणि दाट झाडीच्या डोंगराळ प्रदेशाचे आहेत. वाहते पाणी, दमट उकाडा, साप, विंचू, मधमाश्या आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू हे ते धोके. श्रीलंकेतल्या किंवा बोर्निओतल्या जंगलात भटकणाऱ्यालाही जवळपास हीच यादी हाती घ्यावी लागते.

ऋतूनुसार ही यादी बदलते. जून ते सप्टेंबर पाण्याचा धोका मोठा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर वाढलेल्या गवतात साप आणि चिगर नावाचे सूक्ष्म किडे असतात. जानेवारीपासून गोचीड, आणि पुढे मार्च ते मे उन्हाची काहिली. मधमाश्यांचा धोका मात्र बहुतेक वर्षभर राहतो.

मिनिटांत घडणारे अपघात

काही संकटांत तास मोजायला वेळच नसतो. पहिले संकट पाण्याचे. धबधब्याखाली ऊन पडलेले असते, पण घाटमाथ्यावर सर कोसळलेली असते. ते पाणी काही मिनिटांत खाली येते आणि घोट्याएवढा ओढा कमरेएवढा होतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असेच. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर त्याच क्षणी काठावर यावे. गुडघ्यापर्यंतचे वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. अलीकडच्या काठावर अडकून रात्र काढावी लागली तरी चालेल, पण भरलेला ओढा ओलांडू नये.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर त्याचे पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. ती चुकीची आहे. त्यामुळे पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायला लगेच सुरुवात करावी. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. गटातल्या किमान दोघांनी हे निघण्यापूर्वी शिकून घ्यायला हवे.

दुसरे संकट मधमाश्यांचे. कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे किंवा मोठा गोंगाट यांमुळे ती उठतात. मोहोळ उठले की हातवारे न करता तोंड आणि मान झाकून लांब पळावे, शक्य तर बंद जागेत शिरावे. अंगात रुतलेले काटे लगेच खरवडून काढावेत. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वासाला घरघर लागणे, चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. त्यावर मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. आधी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अशा सहलीला निघू नये.

तिसरे संकट उन्हाचे. कोकणातल्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. वर्षभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसाच्या शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सहलीच्या दोन दिवसांत ती होत नाही. चढताना एखादा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, चिडचिड करू लागला आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी. अशा वेळी 'आधी थंड करा, मग हलवा' हा नियम आहे. सावलीत आडवे करून अंगभर पाणी ओतावे आणि वारा घालावा. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही.

नुसते साधे पाणी लिटरामागून लिटर पिणेही बरे नाही. घामावाटे मीठ जाते, आणि मीठ न मिळता पाणीच वाढले तर रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, उलट्या, गुंगी येऊ शकते. कोकणात मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक आणि कोकम सरबत घराघरात असते. ते बरोबर घ्यावे किंवा ओआरएसची पाकिटे ठेवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे.

सर्पदंश: तासांचा खरा हिशेब

महाराष्ट्रात माणसांचे जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी पूर्वापार ओळखला जातो. जांभ्या दगडाचे सडे, सैल गडगे आणि दगडांखालच्या सावल्या त्याला मानवतात. जेमतेम दीड फुटांचा हा साप डिवचला गेला की वेटोळे घालून खवले एकमेकांवर घासतो आणि करवतीसारखा आवाज करतो. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाच्या जागी सूज येते, जखमेतून रक्त थांबत नाही, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. ही लक्षणे काही तासांनी दिसत असल्याने 'काही झाले नाही, चालू या पुढे' असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तोच घातक ठरतो.

मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मंदिरात किंवा ओसरीवर मुक्काम असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. हा साधा उपाय मण्यार आणि डास दोन्ही दूर ठेवतो. तंबूची चेनही रात्री पूर्ण बंद ठेवावी.

साप चावल्यावर आवळून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घट्ट बूट काढावेत. हातपाय मोडल्यावर फळी बांधतात तसा तो भाग आधार देऊन स्थिर करावा आणि रुग्णाला चालू न देता उचलून न्यावे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. दुरून मोबाइलवर छायाचित्र मिळाले तर उत्तम.

रुग्णालयात गेल्यावर एक सोपी चाचणी होते. रुग्णाचे थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी वाकडी केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर विष रक्तात भिनले आहे असे समजते. महागडे यंत्र नसलेल्या ग्रामीण रुग्णालयातही हे करता येते. पहिली चाचणी ठीक आली तरी ती पुन्हा पुन्हा करतात आणि रुग्णाला साधारण २४ तास देखरेखीखाली ठेवतात. सापाने सोडलेले विष माणसाचे वय बघून कमी-जास्त होत नाही, म्हणून लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला प्रतिविषाची मात्रा सारखीच लागते.

काही उत्साही गट प्रतिविषाच्या कुप्या पिशवीत नेण्याचा विचार करतात. तो सोडून द्यावा. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ते शिरेतून, ॲड्रिनॅलिन आणि श्वासाची सोय हाताशी ठेवूनच द्यावे लागते. शिवाय ते फक्त वरील चार सापांच्या विषावर बनवलेले असते. घाटातल्या झाडीत आढळणाऱ्या हिरव्या चापड्याच्या विषावर ते तयार केलेले नाही. सुदैवाने त्याच्या दंशाने सूज आणि वेदना होतात, मृत्यू क्वचित होतो.

विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला धडा दिला आहे. लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे आणि मग फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू हे चित्र पूर्वी नेहमीचे होते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि १९८०च्या दशकात रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. गंभीर विंचूदंशातले मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. या कार्यासाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ही गोळीही वेळेत मिळाली तरच काम करते, हे विसरू नये. बूट घालण्यापूर्वी झटकणे आणि अंथरूण पसरण्यापूर्वी जागा झाडणे यात काही खर्च नाही.

आता तासांचा हिशेब. एखादी वाट चढायला तीन तास लागत असतील तर जखमी माणसाला उचलून उतरवायला त्याहून जास्त लागतील. झोळी करून नेण्यासाठी आळीपाळीने खांदा देणारी किमान सहा माणसे हवीत. म्हणजे तिघाचौघांच्या गटाने गावातला वाटाड्या बरोबर घेणे ही चैन नाही, ती गरज आहे. दरीत मोबाइल लागत नाही, त्यामुळे कोणत्या माथ्यावर संपर्क मिळतो हे वाटाड्याला आधीच विचारावे. खेडकडचे गड चढणाऱ्यांनी कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय, चिपळूणकडच्यांनी कामथ्याचे, प्रचितगडला जाणाऱ्यांनी संगमेश्वर आणि देवरूखची ग्रामीण रुग्णालये नकाशावर पाहून ठेवावीत. त्या दिवशी तिथे प्रतिविष उपलब्ध आहे का हे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून विचारता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. कड्यापासून रस्त्यापर्यंतचे तास आपल्यालाच मोजायचे असतात. ते सहाच्या पुढे जात असतील तर वाट, ऋतू किंवा गट यांपैकी काहीतरी बदलावे.

दिवसांचा हिशेब: घरी परतल्यावर

सन २००० मध्ये बोर्निओतल्या मलेशियाच्या साबा प्रांतात 'इको-चॅलेंज' ही साहसी शर्यत झाली. जंगलात चालणे, सायकल, गुहा आणि सेगामा नदीत पोहणे असा दहा-बारा दिवसांचा कार्यक्रम होता. ३०४ खेळाडू होते, सगळे तंदुरुस्त. शर्यत संपली, प्रत्येकजण आपापल्या देशात परतला आणि मग ताप सुरू झाले. तपास करणाऱ्यांनी संपर्क साधलेल्या १८९ जणांपैकी ८० जण लेप्टोस्पायरोसिसच्या व्याख्येत बसणारे निघाले. २९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कोणी दगावले नाही. नदीत पोहलेल्यांना धोका जास्त होता. आजार जंगलातून सुरू झाला, पण त्याची लक्षणे शहरातल्या दवाखान्यांत उमटली. त्या डॉक्टरांना बोर्निओ कळले नसते तर निदान चुकले असते.

लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत त्याचा मोठा उद्रेक झाला होता. भाताच्या खाचरातून चालत जाणारी धबधब्याची वाट या जंतूला पुरेशी असते. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतात, कधी महिन्यानेही. अचानक कडक ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत तीव्र दुखणे.

पोटऱ्यांचे दुखणेच माणसाला फसवते. गड उतरल्यावर दोन-तीन दिवस पोटऱ्या दुखतातच. पण आठव्या दिवशी ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या तर तो गडाचा थकवा नव्हे. दुर्लक्ष झाल्यास काविळीसह मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. लवकर ओळखला तर हाच आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

दुसरा आजार स्क्रब टायफस. गवतातले चिगर चावल्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप येतो. चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखा, न दुखणारा काळा खपलीचा डाग पडतो. तो काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली किंवा छातीखाली असतो, म्हणून रुग्णाला दिसत नाही आणि कपडे न काढता तपासणाऱ्या डॉक्टरलाही दिसत नाही. डॉक्सिसायक्लिनने हा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो, पण आधी त्याचा विचार मनात यावा लागतो.

तिसरा माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात मोठ्या प्रमाणावर आढळला. गोचिडांमुळे तो पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात. जंगलात माकडे मरून पडलेली दिसली तर तिथून मागे फिरावे आणि गावातल्या आरोग्य केंद्राला कळवावे. यावर थेट औषध नाही, वेळीच दाखल होऊन घेतलेली काळजी हाच उपचार.

परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी साबणाने अंघोळ करून काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का पाहावे. असल्यास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी. चिरडू नये, तिच्यावर तेल ओतू नये. जळवांची मात्र भीती नको. त्यांच्या चाव्यातून रक्त बराच वेळ वाहते, पण त्या आजार देत नाहीत. जागा धुऊन दाबून धरली की पुरे.

निघण्यापूर्वी

चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. न थांबता चार मजले चढताना छातीत दडपण किंवा धाप येत असेल तर गडाचा बेत पुढे ढकलावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या उन्हात त्रास वाढवतात, मात्र त्या मनानेच बंद करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर खिशात ठेवावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्यांना सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत झालेले असावे. विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसींबद्दल विचारावे. पावसात चिखलातून जाणाऱ्यांना लेप्टो टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देता येते. पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यावे.

पिशवीत ओआरएस, पॅरासिटामॉल, जंतुनाशक, पट्ट्या, चिमटा, क्लोरीनच्या गोळ्या, शिट्टी, विजेरी आणि स्वतःची नेहमीची औषधे पुरेशी आहेत. अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन गिळत चालू नये. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना इजा करतात, आणि लेप्टो किंवा डेंग्यूसारख्या तापात रक्तस्रावाचा धोका वाढवतात. गडावरच्या टाक्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यावे.

शेवटची वस्तू म्हणजे एक चिठ्ठी. तिच्यावर कुठे गेलो, कोणत्या तारखांना, ओढ्यात पोहलो का, चिखलातून चाललो का, गोचीड चावली का, एवढे लिहावे. एक प्रत घरी ठेवून निघावे, म्हणजे ठरल्या वेळी परत न आल्यास शोध कुठे घ्यायचा हे कळते. परतल्यावर ती फेकू नये. पुढचे तीन-चार आठवडे कोणताही ताप आला तर ती डॉक्टरांसमोर ठेवावी. ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या दवाखान्यात रुग्ण 'ताप आहे, अंग दुखते' एवढेच सांगतो, आणि त्याला साधा विषाणूजन्य ताप म्हणून परत पाठवले जाते. 'दहा दिवसांपूर्वी मार्लेश्वरच्या धबधब्यात भिजलो होतो' हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलते आणि उपचार चार दिवस आधी सुरू होतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये त्या चार दिवसांवर कधी कधी मूत्रपिंडे आणि जीव अवलंबून असतात.